एका देशात चालतं ते सत्तावीस देशांत चालायलाच हवं का?

सीमोल्लंघन (धागालेखक, कोलोन):

इथल्याच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की युरोपियन युनियन म्हणजे काकडीचा बाक मोजणाऱ्या बाबूंचं सरकार. काकडीचा तो नियम २००९ मध्येच मोडीत निघाला, पण विनोद काही मरत नाही. म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं असं की युरोपची बाजारपेठ बाबूंनी नियम लिहून जेवढी उभी राहिली, त्याहून जास्त न्यायाधीशांनी नियम खोडून उभी राहिली. आणि ते खोडणं बहुतेक वेळा योग्यच होतं.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सहा देशांनी १९५७ मध्ये रोमचा करार केला आणि १ जुलै १९६८ पर्यंत आपापसातली जकात संपवली. जकात गेली तशी प्रत्येक सरकारला नियमांची गोडी लागली. बाटलीचा आकार, लेबलावरचा मजकूर, पिठाची जात, अल्कोहोलचं प्रमाण, काय वाट्टेल ते. सगळं अर्थातच ग्राहकाच्या भल्यासाठी. आता शेजारच्या देशातल्या कारखानदाराला नेमकं तेवढंच जमत नसेल, तर त्याला सरकार काय करणार?

करारात यावर एकच छोटं कलम आहे, तेव्हाचं ३०वं, आताचं ३४वं. सदस्य देशांनी एकमेकांकडून येणाऱ्या मालावर संख्येची मर्यादा घालायची नाही, आणि तसाच परिणाम होईल असा दुसरा कुठला उपायही करायचा नाही. हे 'तसाच परिणाम' कुठपर्यंत ताणायचं ते १९७४ मध्ये ठरलं. बेल्जियममधल्या दासाँव्हिल बापलेकांनी फ्रान्समधून स्कॉच व्हिस्की आणली. बेल्जियमला ब्रिटिश कस्टम्सचा मूळस्थानाचा दाखला हवा होता. फ्रान्सला तो लागत नव्हता, त्यामुळे तिथे घेतलेल्या मालासाठी मागाहून तो मिळवणं महाकठीण. लक्झेंबर्गमधल्या, सगळ्या सदस्य देशांच्या सामायिक कोर्टाने सांगितलं की आज ना उद्या, सरळ किंवा आडवळणाने व्यापाराला अडसर होऊ शकेल असा कुठलाही व्यापारविषयक नियम या कलमाखाली येतो.

मग आला १९७९ चा कासिस खटला. फ्रान्समधल्या दिजाँची ब्लॅककरंटपासून केलेली गोड दारू, अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मनीत फळांच्या अशा दारूत किमान २५ टक्के हवं असा कायदा. जर्मन सरकारचा युक्तिवाद मुळातून वाचण्यासारखा आहे: सौम्य दारू बाजारात आली तर लोकांना नकळत दारूची सवय लागेल, सबब कडकच हवी! कोर्टाने दाखवून दिलं की जर्मन दुकानांत सौम्य दारू मुबलक आहेच, आणि कडक दारूसुद्धा लोक पाणी घालूनच पितात. एका सदस्य देशात कायदेशीरपणे तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्याने अडवायचा नाही, ही 'परस्पर मान्यता' तिथून सुरू झाली. अडवायचाच असेल तर आरोग्य, ग्राहकसंरक्षण असं खरं कारण दाखवा, आणि त्या कारणापुरताच नियम करा.

१९८७ ची बियरसुद्धा याच वळणाची. बियरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच हवं, हा बव्हेरियातला १५१६ चा शुद्धतेचा नियम जर्मनीने सगळ्यांच्या बियरला लावला होता. आमचे लोक इतकी बियर पितात की तिच्यात मिश्रक द्रव्यं गेली तर धोका, असं सरकार म्हणालं. कोर्ट म्हणालं, हीच द्रव्यं तुम्ही बाकीच्या पेयांत कशी चालवून घेता?

मला या सगळ्यात कौतुक वाटतं ते एका गोष्टीचं. कुठल्याही सरकारला नुसतं 'जनहितार्थ' म्हणून सुटता येत नाही. पुरावा द्यावा लागतो. असं एक कलम जगातल्या प्रत्येक संघराज्यात असावं असं माझं स्पष्ट मत आहे. होऊ दे वाद.


तिरकस (पुणे):

धागा छान, निष्कर्ष अमान्य.

सरकारने कारण द्यायचं हे ऐकायला गोड आहे. ते कारण पुरेसं आहे की नाही हे कोण ठरवणार? ज्यांना ना जर्मन मतदाराने निवडलं ना इटालियन मतदाराने, ते न्यायाधीश. इटलीचंच घ्या. १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता फक्त ड्युरम या कडक गव्हाचाच करायचा. संसदेने केलेला कायदा. दक्षिणेतल्या ड्युरम पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आधार, आणि खाणाऱ्याला शिजवल्यावर लगदा न होणारा पास्ता. १९८८ मध्ये कोर्टाने सांगितलं की बाहेरून येणाऱ्या मऊ गव्हाच्या पास्त्याला हा कायदा लावता येणार नाही, ग्राहकाला फरक कळावासा वाटत असेल तर लेबल लावा.

हे 'लेबल लावा' म्हणजे त्या कोर्टाची अंगारा-उदी. बियर? लेबल लावा. पास्ता? लेबल लावा. कडेवर पोर घेऊन घाईघाईत खरेदी करणारी बाई पाकिटामागचा मुंगीएवढा मजकूर वाचणार आहे अशी यांची श्रद्धा. गंमत बघा, स्पेन आणि इटलीने चॉकलेटच्या बाबतीत नेमकं लेबलच लावायला सांगितलं होतं. कोको बटरशिवाय दुसरी वनस्पती चरबी असेल तर 'चॉकलेटला पर्याय' असं छापा. २००३ मध्ये कोर्टाने तेही उडवलं. म्हणजे बंदी घातली तर म्हणे लेबल पुरे, आणि लेबल लावलं तर म्हणे हे लेबल नको.

आणि तुमच्या लाडक्या बियरची पुढची कथा तुम्ही सांगितलीच नाहीत. कोर्टाने परदेशी बियरला मोकळीक दिली, जर्मन बियरवाल्यांवरचा नियम तसाच राहिला. ब्रांडेनबुर्गमधल्या नॉयत्सेलेच्या मठाची जुनी काळी बियर, तिच्यात साखरेचा पाक घालतात म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला 'बियर' म्हणून विकायला मनाई केली. बेल्जियमहून साखर घातलेली बियर आली तर तिला लाल गालिचा. तो मठवाला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून २००५ मध्ये सुटला. घरच्याला दंडुका आणि पाहुण्याला पाट, हा तुमचा मुक्त संचार.


एक शंका:

मला कायद्यातलं फार कळत नाही. पण हे कलम आपल्याकडे असतं तर पणजीत घेतलेली बाटली इन्सुली नाक्यावर पकडली गेली नसती, असंच ना?


वकिलीणबाई (मुंबई):

एक शंका, तुमच्या प्रश्नावर सगळे हसतील, पण प्रश्न मोक्याचा आहे. आपल्या घटनेत कलम ३०१ आहे, देशभर व्यापार मुक्त राहील असं सांगणारं. पण दारू हा राज्यसूचीतला विषय, आणि दारूच्या धंद्याला मूलभूत हक्काचं कवच नाही, असं सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय. त्यामुळे गोव्यात उजळ माथ्याने विकली जाणारी बाटली परवान्याशिवाय सिंधुदुर्गात शिरली की तो गुन्हा होतो.

तुमच्या शंकेच्या सर्वांत जवळचा युरोपातला खटला स्वीडनचा. तिथे बहुतेक किरकोळ दारूविक्री सरकारी मक्तेदारीची दुकानं करतात, आणि ती मक्तेदारी कोर्टाने १९९७ मध्ये मान्य केली. पण काही स्वीडिश लोकांनी स्पेनमधून वाइनच्या पेट्या मागवल्या त्या सरकारने जप्त केल्या. सरकारचं म्हणणं, वीस वर्षांखालच्या मुलांच्या हाती दारू जाऊ नये. २००७ मध्ये कोर्ट म्हणालं, वय तपासायचं तर तपासा, त्यासाठी सगळ्या वयाच्या लोकांना बंदी कशाला?

तिरकस, तुमचा नॉयत्सेलेचा मुद्दा बिनतोड आहे, पण बाण चुकीच्या माणसावर सोडलात. कलम ३४ सीमा ओलांडणाऱ्या मालापुरतंच आहे. देशी उत्पादकाला जाच करायचा की नाही हे ते ते सरकार ठरवतं. जर्मनीने मनात आणलं असतं तर १९८७ च्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या बियरवाल्यांना मोकळं करता आलं असतं. बियरवाल्यांनाच ते नको होतं, त्यांना जाहिरातीत '१५१६' छापायचं असतं.

आणि तुम्ही दोघंही असं लिहिताय की कोर्ट एकाच दिशेने धावत सुटलंय. तसं झालेलं नाही. ब्रिटनमध्ये रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदा होता. घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या एका साखळीने युक्तिवाद केला की रविवारी दुकान बंद म्हणजे आयात मालाची विक्री कमी, म्हणजे कलमाचा भंग! असे खटले वर्षानुवर्षं चालले. शेवटी १९९३ मध्ये केक आणि मितुआर या दोन फ्रेंच व्यापाऱ्यांच्या प्रकरणात कोर्टाने लगाम खेचला. फ्रान्समध्ये खरेदीच्या किमतीहून स्वस्त विकायला बंदी होती, त्यावर हे दोघे भांडत होते. कोर्टाने सांगितलं की माल कसा असावा याचे नियम वेगळे, आणि तो कधी, कुठे, कसा विकावा याचे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे नियम देशी-परदेशी दोघांना सारखे लागत असतील तर आमच्याकडे येऊ नका. आधीच्या आपल्याच निकालांपासून दूर जातोय असं स्पष्ट लिहून कोर्टाने हे केलं, आणि असं क्वचितच होतं.


उत्तरध्रुवी (कोपनहेगन):

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर डेन्मार्कचं सांगते, कारण कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'पर्यावरणाचा विजय' म्हणून शिकवतात आणि इथे राहणाऱ्याला तो तसा दिसत नाही.

इथे बियर आणि शीतपेयं परत भरता येणाऱ्या बाटल्यांतच विकायची सक्ती होती. बाटलीचे नमुने सरकारने मंजूर केलेले. नमुने मोजके, म्हणून कुठल्याही दुकानात घेतलेली बाटली कुठल्याही दुकानात परत करता यायची, अनामत रक्कम हातात, आणि बाटली धुऊन पुन्हा भरायला. परदेशी कंपन्यांची तक्रार होती की फक्त डेन्मार्कसाठी वेगळी बाटली करणं परवडत नाही. सरकारने १९८४ मध्ये सूट दिली, मंजूर नसलेल्या बाटल्यांत दर उत्पादकाने वर्षाला ३,००० हेक्टोलिटरपर्यंत (हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) विकावं. १९८८ मध्ये कोर्ट म्हणालं, अनामत घेऊन परत घ्यायची पद्धत ठीक, पण ३,००० ची मर्यादा जास्तीची. मंजूर नमुन्यांची पद्धत पर्यावरणाला जास्त हिताची आहे हे कोर्टाने मान्य केलं, आणि तरीही दुसरी पद्धत 'बऱ्यापैकी' चांगली आहे म्हणून तेवढ्यावर भागवा असं सांगितलं.

सीमोल्लंघन, माझा आक्षेप इथेच आहे. पर्यावरण किती राखायचं याची पातळी कोण ठरवणार? मला सर्वांत चांगलं हवं असेल आणि मी त्यासाठी मत दिलं असेल, तर 'बऱ्यापैकी' चालवून घ्या हे सांगणारे तुम्ही कोण? आमच्याकडे पेयांच्या कॅनवरची बंदी २००२ पर्यंत टिकली, मग तीही गेली. अनामतीची पद्धत अजून जोरात आहे, नाही असं नाही. आज परतीच्या मशीनमध्ये बाटल्यांपेक्षा कॅनच जास्त पडतात, आणि धुऊन पुन्हा भरायची काच बघता बघता दिसेनाशी झाली.


सीमोल्लंघन:

उत्तरध्रुवी, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जड जातोय हे मान्य. पण ३,००० हेक्टोलिटरचा आकडा कुठून आला? त्यामागे पर्यावरणाचा हिशोब होता की डेन्मार्कच्या मोठ्या बियर कंपनीची झोप? नमुने मोजके ठेवले की स्थानिक कंपनीला आयतं कुंपण मिळतं. हेतू चांगला असतो तेव्हासुद्धा कुंपणाचा फायदा कुणाला होतोय हे विचारायला नको?

आणि तिरकस, न्यायाधीशांना कुणी निवडलं हे विचारताय, तर हे कलम कुणी पाळलं नाही की काय होतं तेही बघा. फ्रान्समध्ये दहा वर्षांहून जास्त काळ तिथले शेतकरी स्पॅनिश स्ट्रॉबेरीचे ट्रक अडवत होते. माल रस्त्यावर ओतायचा, ड्रायव्हरला दमदाटी करायची. पोलीस येतच नसत, नाहीतर येऊन बघत उभे राहत. सरकारने कुठलाही नियम केला नव्हता, फक्त डोळे मिटले होते. १९९७ मध्ये कोर्टाने सांगितलं की डोळे मिटणं हासुद्धा कराराचा भंग आहे. त्या ड्रायव्हरने फ्रान्समध्ये कुणाला मत दिलं होतं? परक्या देशातल्या माणसाला तिथल्या संसदेत आवाज नसतो. हे कलम त्याचा आवाज आहे. लोकशाहीच्या नावाने गळा काढताना ही बाजू कुणी बोलत नाही.

देशांनी मालाला वाट दिली नाही की काय होतं, त्यासाठी मार्च २०२० आठवा. जर्मनीने मास्क आणि संरक्षक साहित्य देशाबाहेर न्यायला बंदी घातली, फ्रान्सने साठे ताब्यात घेतले, आणि इटलीत तेव्हा दवाखाने ओसंडून वाहत होते.


तिरकस:

मास्कचं उदाहरण देऊन तुम्ही माझीच बाजू मांडलीत. नियम होते, कोर्ट होतं, आणि ऐन गरजेच्या वेळी दोन बलाढ्य देशांनी ते नियम गुंडाळून ठेवले. युरोपबाहेर जाणाऱ्या मालावर सामायिक परवाना आला तेव्हा आतल्या बंद्या सैल झाल्या. राजकीय तडजोडीने झालं ते, कोर्टाच्या निकालाने नव्हे.

स्ट्रॉबेरीच्या बाबतीत मात्र वाद घालत नाही. गुंडगिरी ती गुंडगिरी.

पण ब्रेनर खिंडीचं काय म्हणता? इटली आणि जर्मनी यांच्यामधला ट्रकांचा मोठा लोंढा ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या अरुंद दऱ्यांतून जातो. धूर दरीत कोंडतो, रात्री झोप नाही. जून १९९८ मध्ये तिथल्या लोकांनी परवानगी मागून जवळजवळ ३० तास महामार्ग अडवला. एका जर्मन वाहतूक कंपनीने ऑस्ट्रिया सरकारकडे नुकसानभरपाई मागितली. २००३ मध्ये कोर्टाने आंदोलकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला, शाबास. मग त्याच टिरोलने काही विशिष्ट माल रस्त्याऐवजी रेल्वेनेच न्यावा असा नियम केला, तो २००५ मध्ये रद्द. सुधारून पुन्हा केला, २०११ मध्ये पुन्हा रद्द. थोडक्यात काय, रस्त्यावर बसून ओरडायचा हक्क आहे, पण ज्या कारणासाठी ओरडताय ते कायद्यात लिहून घ्यायचा हक्क फारसा नाही. इटलीने २०२४ मध्ये रात्रीच्या बंदीवरून वगैरे ऑस्ट्रियाला पुन्हा कोर्टात खेचलंय.

आणि स्कॉटलंड. अल्कोहोलच्या एका युनिटमागे (१० मिली शुद्ध अल्कोहोल) किमान ५० पेन्स दर घ्यायचा, म्हणजे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक दारू महाग होईल, असा कायदा २०१२ मध्ये मंजूर झाला. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने याच कलमाच्या आधाराने तो लढवला. लक्झेंबर्ग २०१५, ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय २०१७, अंमल १ मे २०१८. सहा वर्षं! शेवटी सरकारच जिंकलं, पण त्या सहा वर्षांत पिऊन गेलेल्यांना निकालाची प्रत पाठवायची का?


सीमोल्लंघन:

स्कॉटलंडच्या उशिराचं समर्थन मी करणार नाही. पण त्या कायद्यात सुरुवातीपासून एक अट होती, परिणाम मोजा आणि सहा वर्षांनी विधिमंडळाने पुन्हा मान्यता दिली तरच तो पुढे चालेल. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवताना ही अट विचारात घेतली. मोजणी झाली, फक्त दारूमुळे होणारे मृत्यू १३.४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२३ मध्ये निघाला, आणि २०२४ मध्ये दर ६५ पेन्स झाला. पुरावा मागणाऱ्या चौकटीतून तावूनसुलाखून निघालेला कायदा असा असतो. किती राज्यांत दारूबंदी लावताना कुणी असं मोजमाप बांधून घेतलंय? तिरकस, सांगा बरं.


द्राक्षबाग (निफाड):

मोठ्या लोकांच्या वादात शेतकऱ्याचं थोडं ऐका. आमचा माल युरोपात तयार होत नाही, पण कंटेनर रॉटरडॅमला उतरून कस्टम्सचे सोपस्कार झाले की कायद्याने तो युरोपियन मालासारखाच मोकळा होतो. तिथून जर्मनी, पोलंड कुठेही जावा, पुन्हा जकात नाही. म्हणजे तुमचं ते कलम आमच्याही पोटापाण्याचं.

पण खरं सांगू का, आमची सोय परस्पर मान्यतेने झाली नाही, एका सामायिक आकड्याने झाली. सप्टेंबर २००८ च्या आधी बऱ्याच औषधांच्या अवशेषांची मर्यादा देशागणिक वेगळी. हॉलंडला चालणारा घड जर्मनीत नापास व्हायचा, कारण आरोग्याचं कारण दिलं की अडवता येतं. २००८ पासून सगळ्या देशांना एकच तक्ता. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून माल अडकला तेव्हा जिल्हा हादरला होता, तरी निदान एकच आकडा बघून तपासणी सुधारता आली.

आता गंमत ऐका. आता सरकारी तक्ता एक आहे, पण तिकडच्या दुकानांच्या साखळ्या म्हणतात की आम्हाला कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अवशेष हवेत, शिवाय एका घडात औषधांची संख्याही अमुकच. प्रत्येकाची यादी वेगळी. सरकारांनी पाडलेल्या भिंती दुकानदारांनी परत बांधल्या. यांच्यावर खटला होतो का?


वकिलीणबाई:

द्राक्षबाग, साधारणपणे नाही होत. कलम ३४ सरकारांना बांधतं, खासगी खरेदीदाराला नाही. दुकानाने काय विकत घ्यावं हा त्याचा करार. एक फट आहे. जर्मनीतल्या पाणी आणि गॅस क्षेत्रातल्या एका खासगी प्रमाणन संस्थेने इटालियन कंपनीच्या नळजोडाचं प्रमाणपत्र काढून घेतलं होतं, त्या खटल्यात २०१२ मध्ये कोर्टाने कलम लावलं. कारण जर्मन कायदाच त्या प्रमाणपत्राला ग्राह्य धरत होता, आणि त्याशिवाय माल विकणं प्रत्यक्षात अशक्य होतं. तुमच्या साखळ्यांना सरकारने असा कुठला अधिकार दिलेला नाही, म्हणून ते यात बसत नाहीत. मक्तेदारीविरोधी कायद्याने काही होईल का, हा वेगळा विषय, आणि अवघड.


मसालेवाली (आइंडहोवन):

कासिस, बियर, पास्ता वाचून मला हेवा वाटला. माझी अडचण एवढी रसाळ नाही. मी गोडा मसाला आणि चटण्या घरून पॅक करून विकते. नेदरलँड्समध्ये सुरळीत. जर्मनीतून ऑर्डरी यायला लागल्या तेव्हा कळलं की तिथे पुठ्ठ्याच्या पहिल्या खोक्यापासून पॅकेजिंगच्या नोंदणीत नाव घालायचं, आणि कचरा उचलणाऱ्या यंत्रणेला वेगळी फी. किमान मर्यादा म्हणून काही नाहीच. फ्रान्सला त्यांचं 'त्रिमाँ' चिन्ह आणि कुठल्या डब्यात काय टाकायचं याच्या सूचना हव्यात. इटलीला २०२३ पासून पॅकेजिंगवर पदार्थाचा सांकेतिक क्रमांक. भाषा तर प्रत्येकाची वेगळी, ते मला पटतं, खाणाऱ्याला वाचता यायलाच हवं.

मसाल्याला कुणी हात लावला नाही हो. पिशवीनेच जीव घेतला. एवढाल्या पिशव्यांसाठी पाच देशांची पाच लेबलं कोण छापणार? फ्रान्स मी बंद केलंय. नाणेनिधीने २०२४ मध्ये अंदाज काढला की युरोपातले आतले अडथळे कारखानदारी मालावर सुमारे ४४ टक्के जकात लावल्यासारखे आहेत. आकडा कसा काढला ते मला झेपत नाही, पण मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.


तिरकस:

द्राक्षबाग आणि मसालेवाली, दोघांनी मिळून धागालेखकाला चीत केलंय. दोघांचं मागणं एकच, सगळीकडे एकच लिहिलेला नियम. आणि तो लिहिणार कोण? तेच ब्रसेल्सचे बाबू ज्यांना सीमोल्लंघन पहिल्या परिच्छेदात बाजूला सारून आले. न्यायाधीश फक्त खोडू शकतात. सत्तावीस देशांना चालेल असं एक लेबल त्यांना काढता येत नाही. ते काम निवडून आलेल्या लोकांनी भांडून, तडजोडी करून करायचं असतं. मी सुरुवातीपासून एवढंच म्हणतोय.


सीमोल्लंघन:

चीत वगैरे काही नाही. एकच नियम लिहायला किती वेळ लागतो ते चॉकलेटवरून बघा. पहिला सामायिक कायदा १९७३ चा, त्यात ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्कला वनस्पती चरबीची सूट, बाकीच्यांचा त्याला विरोध. ५ टक्क्यांपर्यंत चरबी सगळीकडे चालेल हे ठरायला २००० साल उजाडलं. सत्तावीस वर्षं लागली, तीही एका वडीसाठी. तोवर ब्रिटिश चॉकलेटवाल्याने स्पेनच्या सीमेवर उभं राहून संसदा भांडायची वाट बघायची? लिहिलेला नियम येईपर्यंतच्या काळासाठीच परस्पर मान्यता लागते, आणि तो काळ पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो.

मसालेवाली ताई, फ्रान्सच्या त्या चिन्हावरून युरोपियन कमिशनने २०२३ मध्येच फ्रान्सविरुद्ध कारवाई सुरू केली आहे, याच कलमाखाली. इतर देशांच्या मालावर स्वतःचं लेबल लादणं म्हणजे अडथळा, असं कमिशनचं म्हणणं.


उत्तरध्रुवी:

पण मुळात लोकांनी कचरा नीट वेगळा करावा म्हणूनच आणलंय ना ते चिन्ह? पुन्हा तेच. पर्यावरणाचा नियम आला की तो अडथळा.


वकिलीणबाई:

उत्तरध्रुवी, चिन्ह चांगलं की वाईट हा प्रश्न नाहीये. मसालेवालीच्या पिशवीवर डच सूचना आधीच असतील तर फ्रेंच चिन्हाने किती जास्तीचा कचरा वेगळा होईल, हे फ्रान्सने दाखवायचं.

मसालेवाली, कामाचं सांगते. दोन गोष्टी वेगळ्या धरा. जर्मनीची नोंदणी आणि फी ही युरोपच्याच कचराविषयक कायद्यातून आलेली आहे, ज्याने पॅकेजिंग बाजारात आणलं त्याने विल्हेवाटीचा खर्च द्यायचा. तिथे कलम ३४ घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. लेबलाचं वेगळं आहे. २०२५ मध्ये आलेल्या नव्या पॅकेजिंग कायद्याने कचरा वेगळा करायची चिन्हं सगळ्या देशांत एकसारखी होणार आहेत, पण ती २०२८ च्या सुमारास. तोवर एखाद्या देशाच्या अधिकाऱ्याने माल अडवला तर 'सॉल्व्हिट' नावाची फुकट तक्रार यंत्रणा आहे, नेदरलँड्समधल्या केंद्राकडे तुमच्याच भाषेत लिहिता येतं.


मसालेवाली:

लिहून ठेवलं. 'तुमच्याच भाषेत' म्हणजे डचमध्ये ना? बघते. २०२८ पर्यंत फ्रान्सच्या ऑर्डरी मैत्रिणीच्या बॅगेतून.


तिरकस:

त्या बॅगेवर कुठलं चिन्ह लावणार?